रामटेके सर मिक्स होत नाहीत

नागपुरात असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, ज्याला मी पाच मिनिटांत बोलतं केलं नाही. एक माझा सख्खा साळा सोडा. त्यानं माझ्याच लग्नाच्या पंगतीत माझ्याशी अबोला धरला, तो आजपर्यंत. मी त्याच्या बुंदीच्या लाडवात भिवापूरचं तिखट भरलं होतं, एवढीच गोष्ट. आणि एक रामटेके सर सोडा. आता तुम्ही म्हणाल, बबनराव, बाकी किती जणांना बोलतं केलं? तर खरं सांगतो, बाकीचे आपलेआपणच बोलतात. बोलतं करायची गरज फक्त या दोघांनाच होती.

आमच्या बेस्याच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, कडुलिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे. सकाळी आम्ही तिघं तिथं असतो. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होतो, शिक्षण आठवीपर्यंत, आठवी मात्र मला इतकी आवडली की दोनदा केली. दुसरे ढोकेसाहेब. कोर्टातून कारकून म्हणून रिटायर झाले, इंग्रजी पेपर वाचतात, म्हणून आमचं सगळं इंग्रजी त्यांच्या हातून येतं. तिसरे पांडे भैया, चौकातल्या किराणा दुकानाचे मालक. यांचे आजोबा उत्तरेकडून इकडे आले, तेव्हापासून घरात नमस्कार मराठीत होतो आणि भांडण हिंदीत.

किस्से काही आम्ही जमवत नाही. कूलरच्या टाकीत तळाला गाळ बसतो, तसे ते बसतात. सीझन संपल्यावर टाकी उलटी केली की कळते, किती साचला होता. हे सारे एकाच वर्षाच्या टाकीतले आहेत.

*

होळी झाली आणि माझ्या घराला लागून असलेल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर रामटेके सर राहायला आले. भिवापूरकडे शाळेत गणित शिकवायचे. बायको मागच्या वर्षी गेली. मुलगी सुजाता पुण्याला नोकरीत. ती सामान लावून द्यायला आली होती. निघताना माझ्या गेटपाशी थांबली.

"काका, बाबा लोकांत फारसे मिक्स होत नाहीत. आई होती तोवर चालून गेलं. आता दिवाळीला मी येईन. तोवर कोणाशी मिक्स झाले तर ठीक, नाहीतर मी त्यांना पुण्याला नेणार. एकटं नाही ठेवायचं मला त्यांना."

मी छातीवर हात ठेवला. "पोरी, काळजीच सोड. दिवाळीपर्यंत तुझे बाबा असे मिक्स होतील, तुले ओळखू येणार नाहीत."

आमची मंदा, म्हणजे माझी बायको, ओट्यावर तांदूळ निवडून राहिली होती. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "आधी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायला शिका, जी."

मंदा हे प्रत्येक गोष्टीवर म्हणते. मी लक्ष दिलं नाही.

तिचा ऑटो वळणावर गेला, तेव्हा तिला पोचवायला खाली उतरलेले सर माझ्याकडे वळले. "मला पुण्याला जायचं नाही," ते म्हणाले. "तिथं बाराव्या मजल्यावर दिवसभर मी आणि बंद खिडक्या. इथं खाली भाजीवाला तरी ओरडतो."

आणि वर निघून गेले. स्वतःबद्दल एवढं बोलणं त्यानंतर दिवाळीपर्यंत मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी बाकावर पहिला प्रश्न आला, मिक्स होणं म्हणजे नेमकं करायचं काय?

ढोकेसाहेबांनी चष्मा पुसला. "इंग्रजांकडे मिक्स होणं म्हणजे हातात ग्लास धरून उभ्या उभ्या फिरायचं. एका माणसापाशी फार थांबायचं नाही. नाव सांगायचं, हवापाण्यावर बोलायचं, पुढे सरकायचं."

"म्हणजे ट्रॅफिक पोलीस," मी म्हटलं.

पण ढोकेसाहेब हे ऐकीव सांगत नव्हते. त्यांचा मुलगा हैदराबादला कंपनीत आहे. एकदा त्यांना तो ऑफिसच्या पार्टीला घेऊन गेला. दारातच म्हणाला, "बाबा, एका जागी बसू नका, सगळ्यांत मिक्स व्हा." आता ढोकेसाहेबांचे गुडघे तुम्ही पाहिले नाहीत. त्यांनी दोन मिनिटं ज्यूसचा ग्लास धरून पाहिला. मग कोपऱ्यातल्या चार खुर्च्या ओढल्या, गोल मांडल्या आणि बसले. एक जण दमला होता, तो येऊन बसला. त्याच्या शोधात त्याची बायको आली. ढोकेसाहेबांनी कोर्टातल्या एका म्हशीच्या खटल्याची गोष्ट सुरू केली, ज्यात दोन्ही पक्ष म्हैस आपली म्हणायचे आणि म्हैस तिसऱ्याच्याच मागे जायची. तासाभरात अर्धी पार्टी तिथं. मोठे साहेब कोट काढून खाली सतरंजीवर.

मुलानं घरी आल्यावर डोक्याला हात लावला. "बाबा, मिक्स व्हा म्हटलं होतं. गावची बैठक लावा नाही म्हटलं."

*

या शब्दाची एक गंमत मी पाहिली आहे. "मी मिक्स होत नाही," असं कोणी स्वतःबद्दल सांगत नाही. हा शब्द नेहमी दुसऱ्याबद्दल असतो आणि तो दुसरा समोर नसताना असतो. शाळेतली मॅडम पोराबद्दल म्हणते, सासू सुनेबद्दल म्हणते, घरमालक भाडेकरूबद्दल म्हणतो.

पांडे भैयांच्या घरी मुलाचं लग्न निघालं, तेव्हा भाभीची एकच अट होती. "हुंडा नको, काही नको. मुलगी मिक्स होणारी पाहिजे. घुम्मी नको."

रायपूरची सून आणली. पोरगी अशी मिक्स झाली म्हणता! एका महिन्यात लेआउटमधल्या कुत्र्यांची नावं तिला पाठ. सकाळी कोणाचे पापड लाटायला, दुपारी कोणाच्या डोहाळजेवणाची तयारी, संध्याकाळी बायकांचा वॉकिंग ग्रुप. कोणाच्याही घरी जा, ओट्यावर पांडे भैयांची सून.

एक दिवस भाभी स्वतः बाकापाशी आल्या. पदराला कणीक लागलेली. मला म्हणाल्या, "बबन भाऊ, तुमचं ती ऐकते. तिला म्हणा, बेटा, कधी वेळ मिळाला तर आमच्यात पण थोडी मिक्स होत जा."

*

तर मूळ मुद्दा, रामटेके सर. आमचा खरा भरवसा कूलरवर होता.

बाहेरच्यांना हे सांगावं लागतं. नागपुरात कूलर एकट्यानं चढवत नाहीत. कायद्यात बंदी नाही, पण चढवत नाहीत. मार्चच्या शेवटी पेटी खाली काढायची, धुवायची, वाळ्याच्या नव्या ताट्या लावायच्या आणि मग शेजारच्यांना हाका मारायच्या. दोघं खालून उचलतात, एक जण खिडकीतून आत ओढतो आणि एक जण रस्त्यावर उभा राहून सांगतो, डावीकडे, उजवीकडे, अरे पडला, पडला. तो चौथा मी. मग चहा होतो. भाडेकरूचं नाव, गाव, पगार, पोरं, सारं त्या चहात कळते. आमच्या लेआउटमध्ये प्रत्येक ओळख कूलरच्या खाली झालेली आहे.

आम्ही रामटेके सरांच्या हाकेची वाट पाहून राहिलो. पांडे भैयांनी दुकानातून दोर आणून ठेवला होता. ढोकेसाहेबांनी गुडघ्याला पट्टा लावला होता.

एक दिवस सकाळी तिघं माझ्या गेटपाशी भेटलो तर वरून घर्रर आवाज. मान वर केली. सरांच्या खिडकीत कूलर बसलेला आणि मस्त चालू.

ढोकेसाहेबांचा चेहरा उतरला. मी ओरडलो, "सर, कूलर कोणी चढवला?"

सर शेजारच्या खिडकीत आले. "मीच. आधी ताट्या काढल्या, मग मोटर, मग पंखा. रिकामी पेटी वर घेतली आणि आत सगळं पुन्हा जोडलं." एवढं सांगून खिडकी लावली.

पांडे भैयांनी तो दोर गुंडाळायला घेतला. मग म्हणाले, "भाऊ, जो आदमी कूलर अकेला चढ़ा लेता है, उसको पुणे में क्या तकलीफ?"

आम्हाला पहिल्यांदा भीती वाटली ती त्या दिवशी.

*

मे महिना लागला. मी म्हटलं, सरळ मार्गानं होत नाही तर आपल्या मार्गानं. सरांच्या कूलरला पाणी गच्चीवरच्या टाकीतून नळीनं यायचं आणि टाकीपाशी एक व्हॉल्व्ह होता. भर दुपारी, जेव्हा नागपुरात कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा मी जिना चढलो आणि व्हॉल्व्ह बंद केला. बेत साधा होता. पाणी संपणार, गरम हवा येणार, सर घाबरून खिडकीत येणार, "बबनराव, जरा पहा हो," म्हणणार. मी जाणार. चहा होणार. झाले मिक्स.

घरी येऊन वऱ्हांड्यात कान लावून बसलो. काही नाही. संध्याकाळी पाहतो तर कूलर थंड चालू आहे आणि व्हॉल्व्ह उघडा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद केला. पुन्हा उघडा. तिसऱ्या दिवशी मला ऊन लागलं आणि मी आडवा झालो. मंदानं कैरीचं पन्हं समोर ठेवलं.

"त्या सरांच्या कूलरचं पाणी काहून बंद करून राहिले, जी?"

मी उठून बसलो. "तुले कोणं सांगितलं?"

"दिसते मले."

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उलट्या दिशेला आहे. तिथून ती गच्ची दिसत नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात नवरा दिशा तपासत बसत नाही.

त्याच रात्री वांग्याच्या भाजीला रंग असा लालभडक, चव अशी की जिभेनं उभंच राहावं. मी विचारलं, "तिखट कुठचं वं?"

"भिवापूरचं."

"आणलं कोणं?"

"आलं. जेवा."

मी जेवलो.

*

पोळा झाला, पावसानं उघाड दिली आणि दिवाळी दिसायला लागली. आता शेवटचा डाव म्हणून रोडग्यांचा कार्यक्रम ठरवला. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तुपाची धार. रोडगे खाल्लेला माणूस मुका राहू शकत नाही, असं आमचं मत आहे. पांडे भैयांच्या ओळखीच्या शेतात, आंब्याखाली, सगळं जमवलं. सरांना मी स्वतः जिना चढून बोलावणं दिलं. ते म्हणाले, "येतो." आम्हाला इतका आनंद झाला की तिघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

जाताना मी ताकीद दिली. "सरांना एकटं पडू द्यायचं नाही. कोणी ना कोणी सतत त्यांच्याजवळ पाहिजे."

आणि खरंच, कोणी एक क्षण त्यांना सोडलं नाही. ढोकेसाहेबांनी म्हशीचा खटला सांगितला. पांडे भैयांनी साखरेचे भाव कसे ठरतात ते सांगितलं. मी माझ्या साळ्याच्या लाडवाची गोष्ट सांगितली, पुन्हा हसलो, पुन्हा सांगितली. सर रोडगे फोडून खात होते, मान डोलवत होते. असा रंग भरला, काय सांगू.

संध्याकाळी सरांना जिन्यापाशी सोडून आम्ही बाकावर टेकलो. समाधानानं ढेकर दिले.

"जमलं गा," ढोकेसाहेब म्हणाले. "काय काय बोलले सर?"

मी म्हटलं, "तुमच्याशीच तर बोलून राहिले होते. बराच वेळ."

"माझ्याशी? मी समजलो, पांडेजींशी बोलून राहिले."

दोघांनी पांडे भैयांकडे पाहिलं. पांडे भैयांनी ढेकर अर्ध्यात थांबवला. "मैंने सोचा, आप लोगों से बोल रहे हैं।"

*

दिवाळीच्या आधी सुजाता आली. आल्या आल्या पलंगाखालची मोठी बॅग गॅलरीत आणून झटकली, हे मी खालून पाहिलं. मी तसाच बाकाकडे पळालो.

आम्ही तयारीत होतोच. मी ढोकेसाहेबांना आणि पांडे भैयांना सगळं शिकवून ठेवलं होतं. सहज आलो असं दाखवायचं आणि सर आमच्यात किती मिक्स झाले ते बोलता बोलता सांगायचं. मंदाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ती माझे बेत फोडते.

वर गेलो. सुजातानं खुर्च्या दिल्या. ढोकेसाहेब बसता बसताच म्हणाले, "काय सर, आज पत्त्यांना उशीर? सुजाताबाई, तुमच्या बाबांशिवाय आमचा डाव लागतच नाही."

सर म्हणाले, "मला पत्ते येत नाहीत."

पांडे भैया पुढे सरसावले. "अरे पत्ते सोडा. सर तर रोज संध्याकाळी माझ्या दुकानात गादीवर बसतात."

"मी सामान फोनवर सांगतो," सर म्हणाले. "तुमचा माणूस आणून देतो."

मी मनात म्हटलं, गणित शिकवलेल्या माणसाला खोटं बोलताच येत नाही, उत्तर जुळत नाही ना. सुजाता आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहून राहिली. रागावली नाही, तेच वाईट. हळूच म्हणाली, "काका, तुम्ही खूप केलंत. मला दिसतं ते. पण बाबा... आपण कपडे भरायला घेऊ."

सर उठले आणि खिडकीपाशी गेले. कूलरच्या पेटीवर हात ठेवून उभे राहिले. खाली भाजीवाला ओरडून राहिला होता, मेथी, पालक, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मला माझ्या त्या छातीवर हात ठेवून दिलेल्या शब्दाची लाज वाटायला लागली, आणि मला लाज वाटणं ही काही रोजची गोष्ट नाही.

तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि दार ढकलून मंदा आत. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. आमच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"काय जी सर? कालपासून पत्ता नाही तुमचा. मी दोन्ही दिवस चहा टाकला, दोन्ही दिवस ओतून दिला. मेथी तशीच पडली. माणसानं निरोप तरी द्यावा की नाही? मले वाटलं, पडले-बिडले का काय घरात."

सर खिडकीपासून वळले. चोरी सापडलेल्या पोरासारखा चेहरा. "सुजाता येणार होती, वहिनी. घर आवरत होतो."

"मग तिलेही घेऊन यायचं. एवढंही समजत नाही? अन् माझ्या बहिणीच्या लेकीचं अर्धंच सांगून झालं होतं, ते आता मी कोणाले सांगू? भिंतीले?"

"चुकलं, वहिनी."

सुजाताच्या हातातला शर्ट हातातच राहिला. "काकू, बाबा तुमच्याकडे येतात?"

"रोज. हे बाकावर गेले की येतात," मंदानं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं, "अन् हे यायच्या आत जातात. आले तेव्हा पोतंभर मिरच्या घेऊन आले होते. गावाहून कोणी पाठवलेल्या, तुझी आई दरवर्षी तिखट करायची म्हणून. त्यांना काही सुधरेना. दोघांनी मिळून वाळवल्या, कांडून आणल्या, हिंगाचे खडे घालून तिखट बरणीत भरलं. तेव्हापासून येतात. मेथी काय सुंदर निवडतात वं तुझे बाबा. एक काडी सापडत नाही."

डबा तिनं टेबलावर ठेवला. "हे तुले पुण्याले न्यायले. तुझ्या आईच्याच हिशेबानं केलं आहे. सरांनी आठवून आठवून सांगितलं."

सुजातानं झाकण उघडलं. वास घेतला. मग नाक ओढत हसली. "आई गेल्यापासून बाबांना कोणी असं रागावलेलं मी पहिल्यांदा ऐकलं."

आणि पायानं ती बॅग परत पलंगाखाली ढकलली.

काय सांगू तुम्हाला. छातीवर ठेवलेला कूलर चार जणांनी मिळून खाली उतरवावा, तसं झालं. ढोकेसाहेबांनी चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले. पांडे भैया भाभींना फोन लावून "रह रहे हैं, रह रहे हैं" म्हणत गॅलरीत गेले. मंदा सुजाताला घेऊन स्वयंपाकघरात शिरली आणि बहिणीच्या लेकीचं पहिल्यापासून सुरू झालं.

मी मात्र सरांना सोडणार नव्हतो. खुर्ची ओढून अगदी समोर बसलो.

"सर, हे काही बरं नाही. आम्ही तिघं रोज बाकावर बसून तुमच्यासाठी डोकं खपवून राहिलो, कूलर काय, रोडगे काय, अन् तुम्ही तिकडे माझ्याच घरी चहा पिऊन राहिले? बाकावर काहून नाही आले?"

सरांनी मेथीची जुडी सोडली, पेपर पसरला आणि पहिली काडी हातात घेतली.

"बाकावर बोलणारे पुरेसे होते, बबनराव," ते म्हणाले. "तुमच्या घरी ऐकणारा कोणी नव्हता. होळीपासून वहिनींचं ऐकतो आहे, अजून आम्ही तुमच्या लग्नातल्या त्या लाडवापर्यंतच आलो आहोत."